अमेरिकेतल्या शाळा, वंशभेद आणि 'चांगलं डिस्ट्रिक्ट': न्यू जर्सीत घर घेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्याहून न्यू जर्सीला येताय, मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. ओळखीतले सगळे सांगतायत की वेबसाइटवर दहापैकी नऊ-दहा रेटिंग असलेल्याच डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे जिल्हा नव्हे, एका गावाच्या शाळा चालवणारा विभाग) घर बघा, अमुक टाउन अजिबात नको, तिथला क्राउड वेगळा आहे. तुम्हाला वाटतंय की काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा तर १९५४ लाच बंद झाल्या ना, मग हे काय? आणि शाळांच्या वेबसाइटवर मल्टिकल्चरल एज्युकेशन असं जे लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात काय असतं. मी इथे पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, बरीच वर्षं सोशल स्टडीज शिकवतेय, आधी अशा शाळेत जिथे जवळजवळ सगळी मुलं ब्लॅक आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाची) होती, आता एका मिश्र डिस्ट्रिक्टमध्ये, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी सरळ सांगते. कायद्याने मुलांना वंशावरून वेगळं बसवणं बंद झालं, पण घर कुठे आहे त्यावरून वेगळं पडणं आजही जोरात चालू आहे, आणि न्यू जर्सी त्या बाबतीत देशातल्या वरच्या राज्यांत मोजली जाते. लोकांना वाटतं हे फक्त मिसिसिपी-अलाबामाचं प्रकरण, तसं नाहीये.

१९५४ च्या निकालाबद्दल आपल्याकडे एवढंच माहीत असतं की टोपेका, कॅन्ससच्या ब्राउन कुटुंबाने केस केली आणि वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. खरं तर त्या निकालात वेगवेगळ्या राज्यांतल्या केसेस एकत्र होत्या, आणि त्यातली व्हर्जिनियाची केस मी दर वर्षी मुलांना शिकवते कारण ती मुलांनीच सुरू केली. फार्मव्हिल गावातली ब्लॅक मुलांची हायस्कूल इतकी भरलेली होती की डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये वर्ग चालायचे, आणि १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने अख्ख्या शाळेचा संप घडवून आणला. वकील नंतर आले. आणि पुढचं जास्त महत्त्वाचं आहे, कोर्टात जिंकल्यावर काय झालं, तर त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या पब्लिक शाळांनाच कुलूप लावलं, १९६४ पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी प्रायव्हेट अ‍ॅकॅडमी काढली, ब्लॅक मुलांपैकी कुणी नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी राहून शिकलं, कुणी चर्चच्या तळघरात, आणि कित्येकांचं शिक्षण तिथेच सुटलं. मिश्र शाळा नको म्हणून शाळाच नको, इथपर्यंत माणसं गेली.

१९५५ मध्ये कोर्टाने अंमलबजावणीसाठी तारीखच दिली नाही, शक्य तितक्या लवकर करा अशा अर्थाचं मोघम काहीतरी म्हटलं, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी ते धरून दहा वर्षं काढली. १९५७ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकला नऊ ब्लॅक मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. १९६४ पर्यंत दक्षिणेत गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळेत पोचलेली ब्लॅक मुलं शंभरात जेमतेम दोन. मग १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा आला, १९६५ ला केंद्राचा पैसा शाळांना मिळायला लागला, म्हणजे भेदभाव कराल तर पैसा बंद असं म्हणता यायला लागलं, १९६८ आणि १९७१ ला कोर्टाने कडक निकाल दिले, मुलांना दुसऱ्या भागातल्या शाळेत नेऊन मिश्रण करायला बसेस सुरू झाल्या, आणि १९८८ च्या सुमारास तोच आकडा त्रेचाळीसच्या आसपास गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक सहज म्हणतात की माणसं आपापल्या लोकांत राहतात, सरकार काय करणार. पंचवीस वर्षांत दोनाचे त्रेचाळीस झाले ते सरकारने आणि कोर्टाने केलं म्हणूनच. आणि मुलांना फायदा झाला का, तर रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञाने त्या पिढीचा मोठेपणापर्यंतचा मागोवा घेतला. ज्या ब्लॅक मुलांना मिश्र शाळेत जास्त वर्षं मिळाली ती जास्त शिकली, जास्त कमवायला लागली, तुरुंगात जायचं प्रमाण कमी झालं, आणि गोऱ्या मुलांचं काही नुकसान झालेलं दिसलं नाही. यानंतरही कुणी मला म्हणालं की तो प्रयोग फसला, तर मी ऐकून घेत नाही.

एक किंमत मात्र मोजावी लागली, आणि ती शिक्षकांनी मोजली. शाळा एकत्र केल्या तेव्हा बंद पडली ती बहुतेक ब्लॅक शाळा. तिथल्या शिक्षकांना आणि प्रिन्सिपलना काढून टाकलं, १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडच्या सतरा राज्यांत अडतीस हजारांच्या आसपास ब्लॅक शिक्षक-प्रशासकांच्या नोकऱ्या गेल्या असा आकडा सांगितला जातो. मुलांना गोऱ्यांच्या इमारतीत नेलं पण त्यांना ओळखणारी, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणारी माणसं घरी बसवली. आजही इथे बहुतेक शिक्षक गोरे आहेत आणि अनेक ब्लॅक मुलं अख्खं शालेय आयुष्य एकही ब्लॅक शिक्षक न भेटता काढतात, त्याचं मूळ थोडंफार तिथे आहे.

आता तुमच्या घराच्या विषयाकडे येते. डेट्रॉइटची १९७४ ची मिलिकन केस, तिच्याशिवाय आजचं चित्र कळतच नाही. डेट्रॉइट शहरात बहुसंख्य मुलं ब्लॅक झाली होती, आजूबाजूची उपनगरं गोरी, त्यामुळे फक्त शहराच्या आत कितीही बस फिरवली तरी मिश्रण होणार कसं? खालच्या कोर्टाने उपनगरांनाही त्यात घ्यायला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळलं, म्हणजे उपनगराच्या डिस्ट्रिक्टने स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नाही तर त्याची हद्द ओलांडता येणार नाही. थरगूड मार्शल, ज्यांनी १९५४ ची केस वकील म्हणून लढवली होती, ते तोवर सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले होते आणि त्यांनी याविरुद्ध मत दिलं. तेव्हापासून डिस्ट्रिक्टची हद्द ही सगळ्यात पक्की भिंत झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ ला, सॅन अँटोनिओच्या केसमध्ये कोर्टाने हेही सांगितलं होतं की शाळांचा पैसा घरपट्टीवर चालतो, श्रीमंत गावाला जास्त गरीब गावाला कमी मिळतो, यात देशाच्या घटनेचा भंग होत नाही.

हे न्यू जर्सीला लावून बघा. एवढंसं राज्य आणि जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट, प्रत्येक गावाचं आपलं शाळा-बोर्ड, आपली प्रॉपर्टी टॅक्सवर चालणारी शाळा. आणि कुठल्या गावात कोण राहतं हे काही आपोआप ठरलेलं नाही, १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवले, ब्लॅक वस्ती असेल तो भाग लाल रंगाचा, आणि तशा भागांत सरकारी हमीचं गृहकर्ज मिळणं जवळजवळ अशक्य. नवीन उपनगरांत घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं की गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही. १९६८ मध्ये घरविक्रीतला भेदभाव बेकायदा झाला तोवर गोऱ्या कुटुंबांची घरं घेऊन झाली होती आणि त्यांच्या किमती वाढून पोरांच्या कॉलेजची सोय झाली होती. शिवाय झोनिंग होतंच, म्हणजे अमुक आकाराच्या प्लॉटवर एकच बंगला, अपार्टमेंट नको. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात गावांना परवडणारी घरं येऊ द्यावी लागतील असं बजावलं, तरी आजही एखाद्या गावात स्वस्त घरांचा प्रस्ताव आला की सभेला गर्दी होते आणि त्या गर्दीत आपले लोकही असतात, विरोध करायला. मला याचं फार वाईट वाटतं.

कारण आपण या गोष्टीच्या बाहेरचे नाही. १९२३ ला भगतसिंग थिंड यांना, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, सुप्रीम कोर्टाने गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९२७ ला मिसिसिपीत मार्था लम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं आणि त्याच कोर्टाने ते बरोबर ठरवलं, म्हणजे तिची गणना काळ्यांत, तिने काळ्यांच्या शाळेत जावं. आपल्याला इथे यायची दारं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडली, आणि तो कायदा सिव्हिल राइट्स चळवळीने जे वातावरण तयार केलं त्यातूनच पास झाला. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या पोरांच्या शाळेला आपण 'तो क्राउड' म्हणतो, हे मला तरी सहन होत नाही.

रेटिंगचं म्हणाल तर तो आकडा मुख्यतः परीक्षेच्या मार्कांवर असतो आणि मार्क सर्वात जास्त जुळतात ते आई-वडिलांच्या उत्पन्नाशी आणि शिक्षणाशी. म्हणजे मुलाचं प्रगतिपुस्तक बघून बापाचा पगार ओळखण्यासारखं आहे ते. शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे बघायचं असेल तर राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात स्टुडंट ग्रोथ नावाचा भाग उघडा. गेल्या वर्षी सारखेच मार्क असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं यंदा किती पुढे गेली ते त्यात कळतं, आणि तिथे कधीकधी सहा रेटिंगची शाळा नऊवालीच्या पुढे दिसते. त्याच रिपोर्टमध्ये किती मुलं सतत गैरहजर असतात, किती जणांना सस्पेंड केलं, हेही असतं. आणि एजंटने तुम्हाला वस्तीत कोण राहतं यावरून एखाद्या गावाकडे वळवणं बेकायदा आहे, म्हणून तो 'शाळा चांगल्या आहेत' एवढंच म्हणतो, बाकीचं ओळखीतले लोक पुरं करतात.

गरीब डिस्ट्रिक्टला पैसाच नसतो असंही इथे सरसकट म्हणता येत नाही. अ‍ॅबट केसेसमध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने १९९० पासून राज्याला गरीब डिस्ट्रिक्टना (पुढे त्यांची संख्या एकतीस झाली) जास्तीचा पैसा द्यायला लावला, तीन-चार वर्षांच्या मुलांना तिथे फुकट आणि खरोखर चांगली प्रीस्कूल मिळते. मी अशाच ठिकाणी सुरुवात केली आणि तिथल्या शिक्षकांइतके कष्ट मी नंतर कुठे बघितले नाहीत. पण पैसा आला म्हणून मुलं एकत्र आली असं होत नाही.

मिश्र डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलं की काम झालं असंही समजू नका. मी शिकवते त्या प्रकारच्या शाळांत कॉरिडॉरमधून चालताना दारांच्या काचेतून नुसतं बघितलं तरी कळतं कुठला वर्ग ऑनर्सचा, म्हणजे वरच्या पातळीचा, आहे आणि कुठला साधा, इमारत एकच पण आत दोन शाळा. सुरुवात होते दुसरी-तिसरीत गिफ्टेड, म्हणजे विशेष हुशार, म्हणून निवडतात तिथे, मग सहावी-सातवीत गणिताचा गट ठरतो, तिथे मागे पडलं की आठवीत अल्जिब्रा नाही आणि मग बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं अवघड. निवड कशावर होते, तर शिक्षकाची शिफारस आणि पालकाचा फोन. आपले पालक फोन करतात, मेल लिहितात, मीटिंग मागतात, दोन नोकऱ्या करणारी एकटी आई ते करू शकत नाही. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची भाषा न लागणारी एक छोटी चाचणी घेतली आणि गिफ्टेडमध्ये ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलं एकदम वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती, कुणी बघितलं नव्हतं. मंदीनंतर बजेट कापलं, सगळ्यांची चाचणी थांबली, आणि आकडे परत खाली आले. तसंच शिक्षेचं, केंद्राच्या आकडेवारीत ब्लॅक मुलांना सस्पेंड करायचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं होतं, आणि मी स्टाफरूममध्ये बसून बघितलंय की एकाच प्रकारच्या उद्धटपणाला एका मुलाच्या बाबतीत 'मूडमध्ये नाही' म्हणतात आणि दुसऱ्याच्या बाबतीत ऑफिसला पाठवतात.

मल्टिकल्चरल एज्युकेशन या सगळ्याशी जोडलेलं आहे, आणि नेमकं हेच शाळा विसरतात. वर्षातून एकदा इंटरनॅशनल नाइट, आपण समोसे आणि मेंदी, कुणी टाको, मुलं झेंडे घेऊन उभी, झालं. मजा येते, जरूर जा, पण ही सगळ्यात वरवरची पायरी आहे. हा विचार १९६० च्या दशकातल्या चळवळींतून आला, सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये १९६८-६९ ला विद्यार्थ्यांनी जवळपास पाच महिने संप केला तेव्हा तिथे एथनिक स्टडीजचा विभाग सुरू झाला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाचे जेम्स बँक्स यांनी त्याची जी मांडणी केली तिच्यात अभ्यासक्रमात इतरांचा इतिहास घालणं हा फक्त एक भाग आहे. ज्ञान कुणी आणि कुठे उभं राहून लिहिलं हे मुलांना ओळखता यावं, पूर्वग्रह कमी व्हावेत, शिकवण्याची पद्धत अशी असावी की सगळ्या गटांची मुलं पुढे जातील, आणि शाळेचा कारभारच असा असावा की कुणी खाली ढकललं जाणार नाही, हेही त्यातच येतं. म्हणजे ऑनर्सच्या वर्गात कोण बसलंय हा सुद्धा मल्टिकल्चरल एज्युकेशनचाच प्रश्न आहे.

वर्गात हे कसं दिसतं सांगते. मी ते १९३० चे नकाशे मुलांपुढे ठेवते, ते आता इंटरनेटवर फुकट आहेत, न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराच्या आजूबाजूचा भाग काढायचा आणि आपली गल्ली शोधायची. मुलं स्वतःच विचारायला लागतात की आमची गल्ली हिरवी का आणि रेल्वेच्या पलीकडची लाल का, आजी तिकडेच का राहिली. दोन सैनिक एकाच युद्धातून परतले, एकाला सरकारी हमीवर घर मिळालं, दुसऱ्याला नाही, आज त्यांच्या नातवंडांकडे काय असेल, असं गणित मी करायला देते. आपल्या मुलांना त्यात जागा हवी म्हणून मी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आणते, १८७३ चं ते पुस्तक त्यांनी गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि बाबासाहेब, १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकलेले, १९४६ मध्ये त्यांनी ड्यु बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि ब्लॅक लोकांच्या परिस्थितीत किती साम्य आहे ते कळवलं होतं. ब्लॅक मुलं हे ऐकून ताठ बसतात. कधीकधी आपल्याच घरांतून मेल येतो की जातीचा विषय वर्गात कशाला, मुलांना लाज वाटते. मी त्या पालकांशी शांतपणे बोलते पण धडा काढत नाही, कारण गोऱ्या पालकांनी गुलामगिरीचा धडा काढा म्हटलं तर मी त्यांना जे सांगेन तेच इथे लागू आहे. राज्याचा कायदाही आहे, २००२ पासून आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि २०२२ च्या कायद्याने आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवायचा आहे, शाळागणिक अंमलबजावणी मात्र कमी-जास्त.

कॉलेजचं थोडक्यात. २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश विचारात घेणं बंद केलं, आणि आशियाई मुलांवरच्या अन्यायाचं नाव त्यात पुढे होतं म्हणून आपल्याकडे बऱ्याच घरांत आनंद झाला. पण त्या निकालाने आजोबा-वडील तिथेच शिकले म्हणून मिळणारं झुकतं माप कुठेही थांबवलं नाही, आणि ते बहुतेक कुणाच्या वाट्याला जातं हे तुम्हीच बघा. तुमच्या मुलांना अजून वेळ आहे.

मग करायचं काय. न्यू जर्सीत मिश्र शाळा मुद्दाम घडवलेली गावं आहेत. प्रिन्स्टनने १९४८ मध्येच ब्लॅक आणि गोऱ्यांच्या दोन शाळांत इयत्ता वाटून टाकल्या, लहान सगळे एका इमारतीत, मोठे सगळे दुसऱ्या, कारण राज्याच्या १९४७ च्या घटनेने शाळेतला वंशभेद स्पष्ट बंद केला होता. टीनेकने १९६० च्या दशकात कोर्टाचा आदेश नसताना केलं, माँटक्लेअरने मॅग्नेट शाळांचा मार्ग घेतला, म्हणजे खास विषयांच्या शाळा, ज्या गावातल्या कुठल्याही भागातल्या मुलांना निवडता येतात. आणि मॉरिसटाउन, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शेजारच्या, बहुतांश गोऱ्या वस्तीच्या मॉरिस टाउनशिपला आपली वेगळी हायस्कूल काढायची होती, त्यामुळे मॉरिसटाउनची शाळा एकटी पडली असती. १९७१ च्या निकालात राज्याच्या कोर्टाने सांगितलं की दोन डिस्ट्रिक्ट एकत्र करायचा अधिकार शिक्षण आयुक्तांना आहे, आणि ते एकत्र झाले, आजही आहेत. डेट्रॉइटला जी भिंत पक्की झाली ती इथे ओलांडली गेली, तीही तीन वर्षं आधी. २०१८ मध्ये अख्ख्या राज्याविरुद्ध याच मुद्द्यावर केस दाखल झाली, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये वंशाप्रमाणे वेगळेपण टिकून आहे हे मान्य केलं पण सगळी राज्यव्यवस्थाच घटनाबाह्य म्हणायला नकार दिला.

अशी दोन-तीन गावं यादीत घ्या, आणि शाळेचं टूर मागा. प्रिन्सिपलना विचारा की सहावीत गणिताचे गट कसे पडतात, सगळ्यांची चाचणी होते की शिफारशीवर, खालच्या गटातून वर जायची सोय वर्षाच्या मध्ये आहे का. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरिया दाखवा म्हणा. शिक्षकांत ब्लॅक, लॅटिनो, आशियाई किती आहेत विचारा, यात काही वावगं नाही. नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म येईल, तिथे घाबरून इंग्रजी लिहू नका, मराठीच लिहा. मग मुलांची इंग्रजीची एक चाचणी होईल, गरज निघाली तर मदतीचा तास मिळेल. ही सोय १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमुळे सगळ्यांना मिळाली आहे, ती कमीपणाची अजिबात नाही, आणि पुण्यात इंग्रजी माध्यमात असतील तर बहुधा दोघं सहज पार होतील. मुलीच्या पुण्याच्या शाळेतून सगळ्या वर्षांचे मार्क आणि गणिताचा अभ्यासक्रम इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घेऊन या, कारण कागद नसले की नवीन मुलीला सरळ खालच्या गणितात बसवतात, आणि ते बदलायला महिने जातात. एच-वन-बीवर असाल तर बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येणार नाही पण बोर्डाच्या मीटिंगला कुणीही रहिवासी बोलू शकतो, आणि शाळांच्या हद्दी, गणिताचे गट, गिफ्टेडची चाचणी हे सगळं तिथेच ठरतं. स्वतःच्या मुलीसाठी बोलाल तेव्हा सगळ्याच मुलांची चाचणी घ्या अशी मागणी करा, तुमच्या मुलीचं त्यात काही कमी होत नाही.